सावलीसाठी दिलेली नावं

लापनिस बेट
राखेचा बुधवार, ९ फेब्रुवारी २००५

अनालिन पोरी,

काल दुपारी गुसो शेवाळाच्या दोऱ्या बांधता बांधता माझा डोळा लागला. स्वप्नात आपली वाळवणाची वाळू कुणीतरी चटईसारखी गुंडाळून काखेत मारून चाललं होतं. मी म्हटलं, अहो, त्यावर माझं गुसो वाळतंय. तो म्हणाला, हो हो, तेही घेतलंय. इतक्या सभ्यपणे म्हणाला की मी बाजूला सरून त्याला वाट करून दिली. जागी झाले तेव्हा समुद्र दूर गेला होता, सगळीकडे पांढरं ऊन, आणि वाळूत खरोखरच खुंट्या.

हॉटेलवाल्यांची माणसं येऊन ठोकून गेली. खुंटीला खुंटी जोडून निळी दोरी बांधली आहे. दोरीच्या आत आमचं सगळं वाळवण येतं. ओलं गुसो व्यापारी घेत नाही, ते तुला ठाऊक आहे. तू लहानपणी त्याच वाळूवर ते उलटंपालटं करायचीस आणि मध्येच पसरून त्यावरच झोपायचीस. दोरी कुणाच्या हुकुमानं बांधली ते कोणी सांगत नाही. म्हणून आम्ही एकोणीस बायकांनी ठरवलंय: पलीकडे गावात जायचं, मेयरच्या ऑफिससमोरच्या चौकात बसायचं आणि दिवसभर तिथंच गुसोची रोपं दोऱ्यांना बांधत राहायचं. कुणाला शिवी द्यायची नाही. मेयरनं बाहेर येऊन एवढंच सांगावं, ही वाळू हॉटेलची कधी झाली.

तू वकीलबाईंच्या ऑफिसात टायपिंग करतेस. तेव्हा काय चालतं, काय चालत नाही ते लिही. बायका माझ्या तोंडाकडे बघतात. मयताच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना मी सांगते म्हणून त्यांना वाटतं, कायदाही मला येत असेल. "जाऊ नको" एवढं मात्र लिहू नको. ते तुझा बाप जन्मभर म्हणत राहिला. १९८४ साली सभेला म्हणून गावात गेला तो अकरा दिवसांनी परतला, आणि त्यानंतर सुल्पिसियो चार माणसांत कधी बसला नाही. मला, सख्ख्या बहिणीला, एका शब्दानं बोलला नाही. शेवटी सेबूच्या इस्पितळात तुझ्यापाशी काही बोलला असेल तर तूच जाणे.

त्यालाही तीन वर्षं झाली. त्याला मातीआड करून तू त्याच संध्याकाळच्या बोटीनं गेलीस, ती गेलीसच. वकिलांकडे सुट्टी नावाची गोष्ट नसते का गं?

मोबाईलला इथे अजून रेंज नाही. उत्तर नोंग तासियोच्या बोटीनंच पाठव, आणि पाकीट नीट चिकटव. तो वाचतो.

तुझी,
तिया दुलाय

❖

सेबू
१७ फेब्रुवारी २००५

प्रिय तिया,

पाकिटाला दोनदा टेप लावलाय. नोंग तासियो, तरीही वाचत असाल तर निदान भिजवू नका.

"जाऊ नको" असं लिहीत नाही. लिहिलं होतं, मग ते पान फाडलं. वकीलबाईंना विचारून हे पुन्हा लिहितेय, तेव्हा नीट वाच आणि सगळ्यांना वाचून दाखव.

आधी परवानगीचा अर्ज. कोण, कुठे, किती वाजता, किती माणसं, कशासाठी. बसायच्या दिवसाआधी कामाचे पाच दिवस तरी तो मेयरच्या ऑफिसात पोचला पाहिजे. कारकून घेईलच असं नाही. "साहेब नाहीत" म्हणेल, "उद्या या" म्हणेल. भांडू नकोस. घेत नसेल तर त्याच ऑफिसच्या भिंतीवर अर्ज चिकटवून यायचा, कायद्यानं तो दिला असंच धरतात. चिकटवताना शेजारी साक्षीदार ठेव आणि वेळ लिहून घे. कामाच्या दोन दिवसांत नाही म्हणाले नाहीत तर परवानगी मिळाली असं समजायचं.

मग सुऱ्या. तिया, तुमच्या प्रत्येकीच्या कमरेला दोरी कापायची सुरी असते. ती घरी! चौकात सुरी घेऊन बसलं की शांतपणे बसलेली बाईसुद्धा हत्यारबंद ठरते. दोऱ्या आदल्या दिवशीच कापून न्या.

पोलिसांनी शंभर मीटर लांब राहायचं असतं. अंगावर पूर्ण गणवेश आणि छातीवर नावाची पट्टी असलीच पाहिजे. ती नावं वाचून लक्षात ठेवा. धक्काबुक्की झाली तर धावू नका, बसल्या जागी एकमेकींच्या हातात हात घाला. डोक्याला टोपी, पिशवीत पाणी. आमच्या ऑफिसचा फोन नंबर प्रत्येकीनं दंडावर पेनानं लिहायचा, कागदावर नाही. कागद काढून घेता येतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. कोणी चौकीवर "जरा बोलायला या" म्हणालं, कितीही गोड बोलून म्हणालं, तरी ती चौकशीच असते. एकटीनं जायचं नाही. गेलीच तर वकील येईपर्यंत नाव सोडून काही सांगायचं नाही. कशावरही सही करायची नाही. गप्प राहण्याचा तुला हक्क आहे, तिया, आणि तुला तो सगळ्यात जड जाणार हे मला माहीत आहे.

बाबांचं पत्रात लिहिण्यासारखं नाही.

रजेचं बघते. ऑफिसात खूप काम असतं.

तुझी,
अनालिन

❖

लापनिस बेट
मंगळवार, ८ मार्च २००५

अनालिन पोरी,

परवा मी स्वप्नात मेयरच्या भिंतीवर चिकटलेली होते. मी स्वतः, कागदासारखी. वारा आला की माझा एक कोपरा फडफडायचा आणि खालून माणसं मान वर करून मला वाचून जायची. आता ऐक खरं काय झालं ते.

गुरुवारी आम्ही चौघी अर्ज घेऊन गेलो. कारकून म्हणाला, "साहेब नाहीत." मी म्हटलं, "साहेबांना नाही, कागदाला आत घ्या." तो म्हणाला, "उद्या या." मग मी त्याला सांगितलं, बाबा, आता आम्ही हा भिंतीला लावणार, तू आपलं काम कर. लावणार खरं, पण खळ आणायला आम्ही विसरलो होतो! डब्यातल्या चिकट भातानं लावला. पंधरा मिनिटांत अख्ख्या गावच्या मुंग्या अर्ज वाचायला आल्या आणि कारकुनाला आयतं निमित्त मिळालं. त्यानं फाडला. मग क्रिसांता शेजारच्या खानावळीत गेली आणि गुसो उकळून त्याचा चीक घेऊन आली. तो जो चिकटलाय, अनालिन, तो आता भिंत पाडल्याशिवाय निघायचा नाही. कारकुनानं नखानं खरवडून पाहिलं आणि मग स्वतःच वेळ लिहून दिली, दहा वाजून चाळीस. शुक्रवार गेला, सोमवार गेला, कोणी नाही म्हणायला आलं नाही. येत्या सोमवारी, चौदा तारखेला, आम्ही बसतोय.

तू लिहिलेलं बायकांच्या लक्षात राहीना. वाचून दाखवलं की माना डोलवतात आणि विसरतात. मग मी ते मयताच्या प्रार्थनेच्या चालीवर बसवलं. मी म्हणते, "सुरी कुठे?" सगळ्या म्हणतात, "घरी, घरी." मी म्हणते, "पोलिस किती लांब?" त्या म्हणतात, "शंभर मीटर." संध्याकाळी वाळूवर बसून म्हणतो आम्ही. खुंट्यांवर बसलेले बगळेसुद्धा ऐकतात.

एक चांगली बातमी. माझा धर्मपुत्र रोल्डान आता गावच्या चौकीत आहे. बाप्तिस्म्याला मी त्याला हातावर धरलं तेव्हा त्यानं माझी नवी ओढणी भिजवली होती. तो काल मुद्दाम बोटीनं आला, माझा हात स्वतःच्या कपाळाला लावून पाया पडला. म्हणाला, "मानिनाय, शनिवारी चौकीवर दुपारच्या खाण्याला या. नवे साहेब म्हणतात, म्हाताऱ्या बायका उन्हात बसणार, त्यांना मांडव घालू, पाणी ठेवू. फक्त किती जणी आणि कोण कोण, तेवढी नावं लिहून द्या." बघ, सगळेच वाईट नसतात. तू सही करू नको म्हणतेस ते मला माहीत आहे. पण ही चौकशी नाही गं, ही सावलीची गोष्ट आहे. धर्मपुत्रानं बोलावलं आणि मी गेले नाही, तर त्याच्या आईला मी कुठल्या तोंडानं भेटू?

मी तांदळाच्या पिठाची बिबिंगका भाजून नेणार आहे.

तिया दुलाय

❖

सेबू
गुरुवार, १० मार्च २००५

तिया,

जाऊ नकोस. शनिवारी चौकीवर जाऊ नकोस. गेलीस तर एकही नाव लिहू नकोस. नोंग तासियो, तुम्ही हे वाचत असाल तर आता सगळं टाका आणि आधी तिच्याकडे जा.

तू बाबांचं विचारलं होतंस. सांगते. लिहिण्यासारखं नव्हतं, अजूनही नाही.

१९८४ मध्ये बाबांनाही असंच बोलावलं होतं. माझ्या भावाच्या बाप्तिस्म्याला जो धर्मपिता होता, तोच सार्जंट. त्यानं कॉफी दिली. म्हणाला, "सुल्पिसियो, उद्या सभेला माणसं लांबून येणार, उपाशी राहायला नकोत, जेवणाची पाकिटं मागवतो. कोण कोण आहेत?" बाबांनी बावीस नावं लिहून दिली. शेवटच्या दिवसांत इस्पितळात ते मला पुन्हा पुन्हा हेच सांगत होते. अनेसितोच्या नावापुढे त्यांनी लिहिलं होतं, याला कोळंबी बाधते. म्हणजे त्याच्या पाकिटात कोळंबी घालू नये म्हणून.

त्या यादीवरून एकेकाला घरातून उचललं. बाबांनाही नेलं. अकरा दिवसांनी बाबा आले, बाकीचेही हळूहळू आले. मानांग क्रिसांताचा नवरा, अनेसितो, तेवढे आले नाहीत.

मी सुट्टी मिळत नाही म्हणते ते खोटं आहे. धक्क्यावरून वर यायला एकच वाट आहे आणि ती मानांग क्रिसांताच्या दारावरून जाते. बाबांना पुरलं त्या दिवशी त्या दारात बसून दोऱ्या बांधत होत्या. मला बघून त्यांनी मान हलवली. मी खाली बघून निघून आले. आता तू लिहितेस की त्या तुझ्याबरोबर भिंतीला अर्ज लावतात.

तिया, त्यांचंही नाव त्या कागदावर जाईल. मला फार भीती वाटतेय.

अनालिन

❖

लापनिस बेट
शनिवार, १९ मार्च २००५

अनालिन,

वारा पडत नव्हता. बोटी आठवडाभर पलीकडच्या धक्क्यालाच बांधलेल्या होत्या आणि तुझं पत्र माझ्या हातात पडलं बुधवारी. तोवर सगळं होऊन गेलं होतं. आम्ही आमच्या छोट्या होड्यांनी किनाऱ्याकिनाऱ्यानं गेलो होतो. सगळ्या सुखरूप आहोत, हे आधी वाच आणि एक श्वास घे.

मी चौकीवर गेले होते. खोटं सांगत नाही. बिबिंगका त्यांना आवडली. पंखा गरगर फिरत होता, बाहेर उन्हात सगळं पाण्यातून दिसावं तसं हलत होतं, मला पेंग येत होती. नवे साहेब फार अदबीनं बोलले. कुठल्या तरी लांबच्या बेटावरचे आहेत, आपल्याकडचं कोणी ओळखत नाहीत. रोल्डाननं कागद पुढे ठेवला, पेन दिलं. म्हणाला, "मानिनाय, नावं लिहा."

आता तूच सांग. मला सत्तावीस वर्षं झाली मयतांच्या प्रार्थना सांगून. दर नोव्हेंबरात कब्रस्तानात उभी राहून मी एकामागून एक नावं घेते, आधी बायकांची. मला "नावं" म्हटलं की एकच यादी येते. मी पहिलं नाव लिहिलं, फोर्तुनाता सायसोन. मग होविता. मग लिओकादिया, रोल्डानची आजी. तिच्या नावापाशी माझं पेन थांबलं, कारण तेव्हा मला कळलं मी काय लिहितेय. आणि 'ती चौकशीच असते' ही तुझी ओळही आठवली. तू विचारशील, मग थांबलीस का नाही? थांबले नाही. हात चालू राहिला. वीस नावं झाली. शेवटचं आपल्या सुल्पिसियोचं. ते का लिहिलं मला सांगता येत नाही. नोव्हेंबरात मी त्याच्या नावावरच संपवते.

रोल्डाननं कागद वाचला. लिओकादियापाशी त्याचे डोळे थांबले. माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "एवढीच ना, मानिनाय?" मी म्हटलं, एवढीच. त्यानं घडी करून साहेबांना दिला आणि बिबिंगकाचा आणखी एक तुकडा घेतला.

सोमवारी मांडव नव्हता, पाणीही नव्हतं. पोलिस होते. आमच्यापासून दहा पावलांवर, बदामाच्या सावलीत. क्रिसांता उठली, आमची दहा मीटरची दोरी घेऊन मोजायला लागली. एक, दोन, तीन... सगळा चौक बघत होता. दहाव्या दोरीला ती बेकरीच्या दारात पोचली आणि तिथे टोपी ठेवून आली. पोलिस तिथपर्यंत मागे गेले. कायद्यामुळे गेले की बेकरीत पाव निघत होते म्हणून, देव जाणे.

अकराच्या सुमाराला साहेबांनी कर्णा काढला. म्हणाले, नावं वाचतो, जिचं नाव येईल तिनं एकेकटीनं उठून चौकीत यावं. आमच्यातल्या तरण्या पोरींचे हात थांबले. मी त्यांना नुसतं "बसा" म्हटलं.

"फोर्तुनाता सायसोन!"

कोणीच हललं नाही. ऊन इतकं होतं की आवाज तरंगत येत होता. आणि मग माझ्या पाठीमागून सगळ्या एका सुरात, सवयीनं, म्हणाल्या, "तिला विसावा दे."

"होविता आंपोन!"

"तिला विसावा दे."

रस्त्यानं जाणाऱ्यांनी टोप्या काढल्या. भाजीवाल्या उभ्या राहिल्या. तो कारकून, मुंग्यांवाला, खिडकीत आला होता. सहावं नाव त्याच्या आईचं. त्यानं छातीवर क्रूस केला आणि तिथेच ओठ हलवले. साहेबांना काही उमगेना. ते जरा जोरात वाचत गेले आणि उत्तरही जरा जोरात येत गेलं. रोल्डान त्यांच्या शेजारी खांबासारखा उभा. त्यांनी त्याला काहीतरी विचारलं. तो समोरच बघत राहिला.

मग साहेब म्हणाले, "सुल्पिसियो." पुरुषाचं नाव बघून अडखळले.

कोणी उत्तर दिलं नाही, अनालिन. मला वाटलं, बायका दमल्या. मीच म्हणणार होते. त्याआधी एकटी क्रिसांता म्हणाली. गुसो बांधता बांधता, मान वर न करता. "त्याला विसावा दे." मग बाकीच्या म्हणाल्या.

साहेबांनी कर्णा खाली ठेवला. तीन वाजता मेयर उतरला, डोक्यावर दुसऱ्यानं धरलेली छत्री. ईस्टरनंतर सुनावणी, तोवर वाळूला कुंपण घालायचं नाही. मी म्हटलं, लिहून द्या. त्याच कारकुनानं शिक्का मारला, दोनदा मारला. खुंट्या अजून आहेत. निळी दोरी मात्र कुणीतरी नेली.

बुधवारी तुझं पत्र वाचलं आणि त्याच्या नावानंतरच्या शांततेचा अर्थ माझ्या लक्षात आला. बायका दमल्या नव्हत्या. जुन्या जुन्या सगळ्यांना माहीत होतं, फक्त मी त्याची बहीण म्हणून मला कोणी सांगितलं नव्हतं. मी खूप रडले. मग पत्र घेऊन क्रिसांताकडे गेले. तुला न विचारता गेले, हवं तर रागव. तिला वाचून दाखवलं, कोळंबीसकट.

तिनं हातातली दोरी पूर्ण बांधली. मग म्हणाली, "मला माहीत आहे. परतला त्याच्या दुसऱ्या दिवशी सुल्पिसियो स्वतःच येऊन सांगून गेला. मी त्याला घरात घेतलं नाही. कधीच घेतलं नाही. पण सतरा वर्षं दर उन्हाळ्यात माझ्या होडीच्या तळाला कोणीतरी डांबर लावून ठेवायचं. मी कधी विचारलं नाही कोण ते. तो गेला त्या वर्षापासून मी स्वतः लावते." मग म्हणाली, "कोळंबीचं मला माहीत नव्हतं. खरंच बाधायची त्याला." ती हसली आणि तिला रडू आलं.

मी निघताना तिनं निरोप दिला, तो जसाच्या तसा लिहिते. "ती पोर तेव्हा आठ वर्षांची होती. तिनं कुणाचं नाव लिहिलं होतं? मी तिला मान हलवली ती 'ये' म्हणून."

तिया दुलाय

❖

सेबू
मंगळवार, २२ मार्च २००५

तिया,

वकीलबाईंना सगळं सांगितलं. त्या आधी हसल्या, मग चिडल्या. पोलिसांना खोटी यादी देणं हक्कात बसत नाही, साहेबांनी मनावर घेतलं असतं तर तुझ्यावरच खटला झाला असता. कोरा कागद परत दिला असतास तरी पुरे होतं. हे सगळ्या बायकांना वाचून दाखव, चालीवर बसव, काहीही कर. सुनावणीला त्या स्वतः येणार आहेत. तोवर कोणी बोलावलं तरी जायचं नाही, रोल्डाननं बोलावलं तरी.

तुझं पत्र मी ऑफिसच्या जिन्यात बसून वाचलं. किती वेळ बसले होते ते मला माहीत नाही. खालून रिक्षांचे आवाज येत होते आणि मला मात्र बेटावरच बसल्यासारखं वाटत होतं, पाय ओल्या वाळूत.

पवित्र गुरुवारच्या बोटीनं येतेय. चार दिवसांची रजा आहे, मागितली तर लगेच मिळाली. गुड फ्रायडेची नारळाच्या दुधातली खीर, बिनिग्नित, तू करशीलच, ती थोडी जास्त कर. धक्क्यावर मला घ्यायला येऊ नकोस. त्या दारापर्यंत मला एकटीनं चालत जायचंय.

आणि जाण्याआधी एक विचारायचं राहिलं. मानांग क्रिसांताच्या होडीला यंदा डांबर लागलंय का? नसेल तर इथून घेऊन येते.

अनालिन